बाह्यरुग्ण

दर गुरुवारी चार वाजता मी अंगावर लोकरीचा वास घेऊन येतो.
साबण तीनदा लावतो, तरी उरतोच.
मेंढ्या भादरणाऱ्याच्या नखांतलं तेल
जन्मभर निघत नाही.

बाकाच्या अगदी टोकाला बसतो.
दाराआड आयेलेन, आणि दानित्साबाई.
आत काय चालतं मला ऐकू येत नाही,
येऊ नये असंच केलंय ते दार, जाड, पोटात कापूस भरलेलं.

कार्डावर शब्द आहे: बाह्यरुग्ण.
पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं
हा माझ्यासाठीच छापलाय,
बाहेर बसलेल्यासाठी.

ती वर्गात शिरली की मागून कुणीतरी करायचं,
बेंऽऽ.
मग दुसरं कुणी. मग खिडकीकडची अख्खी रांग.
मास्तर फळ्याकडे तोंड करून हसू दाबायचे.
दप्तरात लेंड्या निघाल्या एकदा.
कुणी तिचा चेहरा मेंढीच्या धडावर चिकटवला
आणि तो फोनाफोनांतून
पुंता आरेनासभर चरत फिरला.

दोन वर्षं.
घरी ती शांत होती.
मी शेजारी अभिमानानं सांगायचो,
आमची पोर फार शांत.

मेंढीला ढुंगणावर बसवायचं, पाठ गुडघ्यांत धरायची,
चारी पाय अधांतरी झाले की ती गप्प होते.
नव्या पोरांना वाटतं, तिला बरं वाटतंय.
पंचवीस हंगाम मी त्यांना सांगत आलो:
बरं नाही रे वाटत,
पायाखाली जमीन नाही म्हणून गप्प आहे ती.

एवढं मला ठाऊक होतं.
आणि तरी.

पहिले सहा गुरुवार ती आत गेली, बाहेर आली,
जॅकेटची चेनसुद्धा उघडली नाही म्हणे.
सातव्याला दार किलकिलं झालं,
दानित्साबाईंनी कपभर पाणी मागितलं.
मी धावत आणलं.
त्या पाण्याचं पुढे काय झालं, विचारलं नाही.

सप्टेंबरात एकदा ती गाडीतून उतरलीच नाही.
मी आधी समजावलं, मग ओरडलो, मग इंजिन बंद करून बसलो.
तेव्हा बाईच आल्या, वाऱ्यात केस विस्कटलेल्या,
मागचं दार उघडून तिच्या शेजारी बसल्या.
पन्नास मिनिटं आम्ही तिघं
सामुद्रधुनीकडे तोंड करून.
एक मालवाहू जहाज गेलं. कुणी काही बोललं नाही.
त्या दिवशी मी त्या शब्दाचा समास
वेगळा सोडवला:
रोग बाहेरचा आहे.
पोरीत नाही.

नोव्हेंबरात वारा माणसं उचलतो इथे.
चौकात दोर बांधतात, धरून चालायला.
दवाखान्यातून निघालो तर समोरून, त्याच दोराला धरून,
तिच्या वर्गातला तो मुलगा येत होता.
तोच. खिडकीच्या रांगेतला पहिला.
एका दोरावर दोघं समोरासमोर आले
की एकाला हात सोडावा लागतो.

मी पुढे व्हायला गेलो.
तिनं कोपरानं मला मागे सारलं.
टोपी उडाली तिची, तिनं जाऊ दिली.
तो थांबला. तोंड उघडलं त्यानं,
काय म्हणाला ते वाऱ्यानं नेलं,
बेंऽऽ असेल, माफीही असेल,
मला कळलं नाही, तिलाही नसावं.
तिनं दोर सोडला नाही.
त्यानं सोडला.
अर्धं पाऊल हेलपाटला, पलीकडच्या खांबाला लटकला.

रस्त्यापलीकडे, बेकरीच्या आडोशाला, ती म्हणाली,
बाबा, सोडल्यावर मेंढी उठते कशी?

लगेच नाही उठत, मी म्हटलं.
आधी पाय हुडकते.

किती वेळ?

एकेकीचं वेगळं.

तिच्या तळहातावर दोराचा लाल वळ होता.
मी बघतोय म्हटल्यावर तिनं मूठ मिटली,
आणि दुसऱ्या हातानं पाव तोडून खाऊ लागली, चालता चालता,
तोंड भरलेलं असतानाच म्हणाली,
पुढच्या गुरुवारी उशीर नको करूस.